बर्फाचे खडक, पाण्याचा लाव्हारस

तुळजापूर तालुक्यांतील जळकोटच्या परिसराखालीं काळा कातळ पसरलेला आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनच्या पठारावर तप्त लाव्हारसाचे थरांवर थर सांचले. त्यांचाच हा निवालेला अवशेष. याहून स्थिर आणि थंड तें काय असणार, असें कोणासहि वाटेल. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत याच भागांतील हजारों माणसें दगावलीं. स्तब्ध दिसणारी भूमि आंतून स्वस्थ असतेच असें नाहीं, हें मराठवाड्यानें फार मोठी किंमत देऊन जाणलें.

ज्योतिर्विदांना असाच धडा आकाशांत मिळाला, सुदैवानें प्राणहानीवांचून. गुरु, शनि व त्यांपलीकडील ग्रहांचे चंद्र सूर्यापासून फार दूर आणि आकारानें लहान. त्यांची आंतरिक उष्णता केव्हांच निवून गेली असेल, आणि अंगावर उल्कांच्या आघातांचे व्रण तेवढे उरले असतील, अशी सर्वसाधारण समजूत होती.

१९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्यें अमेरिकेनें ‘व्हॉयेजर’ नांवाचीं दोन यानें सोडलीं. मराठी माणसाशीं त्यांचें एक नातें आहे. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी असून तींत मराठींतील अभिवादन आहे, आणि गोमंतकांतील केरीच्या केसरबाई केरकर यांनीं गाइलेली भैरवीहि आहे. दुसरें यान सुटल्यावर अकराच दिवसांनीं, १६ सप्टेंबरला, केसरबाई निवर्तल्या. त्यांचा स्वर मात्र गुरूच्या वाटेला लागला होता.

२ मार्च १९७९ रोजीं पील, कॅसन व रेनॉल्ड्स या तीन शास्त्रज्ञांचा लेख प्रसिद्ध झाला. गुरूच्या प्रचंड ओढीनें आयो हा चंद्र सतत ताणला व दाबला जातो. त्या घर्षणानें त्याचें अंतरंग वितळलें असावें, असा त्यांचा तर्क होता. तीन दिवसांनीं व्हॉयेजर-१ गुरूजवळून गेलें, आणि ८ मार्चला टिपलेल्या छायाचित्रांत आयोवरील ज्वालामुखीचा फवारा आढळला. उष्णतेसाठीं सूर्य जवळच हवा असें नाहीं, हें सिद्ध झालें.

आयोचा शेजारी युरोपा बर्फाच्या कवचांत गुरफटलेला आहे. शून्याखालीं १६० अंशांच्या थंडींत बर्फ दगडासारखा कठीण होतो. म्हणून अशा गोलावर खडकाचें काम बर्फ करतो आणि लाव्हारसाचें काम पाणी. पृष्ठभाग जितका जुना, तितकीं त्यावर आघातांचीं विवरें अधिक. गुरूचाच कॅलिस्टो हा चंद्र विवरांनीं खच्चून भरलेला आहे. जुलै १९७९ च्या चित्रांत युरोपावर मात्र विवरें विरळ आणि भेगांचें जाळें सर्वत्र दिसलें. पुढें गॅलिलिओ यानानें तेथील फुटून सरकलेल्या बर्फाच्या शिळाहि दाखविल्या. विवरांच्या मोजणीवरून युरोपाच्या पृष्ठभागाचें वय ४ ते ९ कोटी वर्षें मानतात, म्हणजे जवळजवळ जळकोटच्या कातळाइतकें! साडेचारशें कोटी वर्षांच्या सूर्यमालेंत हें वय कोवळेंच म्हटलें पाहिजे.

शनीच्या एन्सेलाडसचा व्यास अवघा ५०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-नागपूर अंतराहूनहि कमी. २००५ मध्यें कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळ भेगांतून उसळणारे वाफेचे व हिमकणांचे फवारे दिसले. त्या भेगांना अरबी सुरस कथांतील बगदाद, कैरो, दमास्कस अशीं नांवें दिलेलीं आहेत. १४ जुलै २०१५ रोजीं न्यू होरायझन्स यानानें प्लूटोवर गोठलेल्या नायट्रोजनचें विस्तीर्ण मैदान पाहिलें. तेथें विवरांचा मागमूस नाहीं. कारण तो थर चुलीवरील पिठल्याप्रमाणें, परंतु अतिमंद गतीनें, खालून वर ढवळला जातो.

१४ ऑक्टोबर २०२४ रोजीं निघालेलें ‘युरोपा क्लिपर’ हें यान २०३० मध्यें गुरूजवळ पोंचावयाचें आहे. युरोपाच्या कवचाखालीं खाऱ्या पाण्याचा समुद्र असल्याचे सबळ पुरावे आहेत. तेथील परिस्थिति जीवसृष्टीस पोषक आहे काय, याचा तें शोध घेईल. लहान आणि थंड म्हणून मृत, हा जुना निकाल मात्र त्या चित्रांनीं कायमचा फिरविला आहे.