कर्जखताची पाठ : ऋणवसुलीच्या नीतीचा एक दुर्लक्षित पुरावा

[१] जुन्या घराण्यांच्या दप्तरांचे रुमाल सोडले म्हणजे संशोधकाचा हात प्रथम सनदा, महजर व वतनपत्रें यांजकडे जातो. कर्जखतें, रोखे व हिशेबाचे फर्द बहुधा बाजूस पडतात. एखादें खत वाचावयास घेतलेंच, तर शक, मिति, धनको, ऋणको, रक्कम, व्याजाचा दर व साक्षी एवढें टिपून घ्यावें आणि कागद पुन्हां रुमालांत बांधावा, अशी आम्हां सर्वांचीच वहिवाट आहे. कागद उलटून त्याची पाठ पाहण्याचें व ती कोरी असल्यास तसें नमूद करण्याचें सहसा कोणास सुचत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्हीं एवढेंच प्रतिपादन करूं इच्छितों कीं, कर्जाचा करार खताच्या मुखावर असला तरी वसुलीची नीति त्याच्या पाठीवर असते. ऋणकोनें दिलेला पैका त्याला दाखवितां येईल अशा ठिकाणीं लिहिला जात होता काय, आणि धनकोच्या मागणीला कोठें तरी शेवट होता काय, हे दोन प्रश्न विचारल्यावांचून कोणत्याही काळच्या सावकारीस बरें किंवा वाईट म्हणतां येणार नाहीं.

[२] हे दोन्ही प्रश्न आमच्या धर्मशास्त्रकारांस चांगले अवगत होते. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत असा नियम आहे कीं, ऋणकोनें जें जें द्यावें तें तें खताच्या पाठीवर लिहावें, अथवा धनकोनें स्वहस्तें लिहिलेली पावती द्यावी. कर्ज पूर्ण फिटल्यावर खत फाडून टाकावें किंवा फेडीचा दुसरा लेख करून घ्यावा. आणि कर्ज साक्षीदारांसमक्ष घेतलें असल्यास तें फेडावेंही साक्षीदारांसमक्ष. मराठी दप्तरांत पाठीवर आढळणारे वसुलाचे आंकडे आणि कर्ज फिटल्यानंतर लिहून दिलेली भरपाई हीं याच परंपरेंतलीं होत.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर दामदुपटीच्या नियमांत आहे. एके वेळीं मागावयाचें व्याज मुद्दलाइतकें झालें म्हणजे तें पुढें वाढूं नये, असें मनूनें सांगितलें. याज्ञवल्क्यानें सोन्यास दुप्पट, धान्यास तिप्पट व वस्त्रास चौपट अशा मर्यादा घातल्या. कर्ज वसूल करण्याचे पांच उपायही मनूनें मोजले आहेत : धर्म, व्यवहार, छल, आचरित व बल. म्हणजे शास्त्रकारांनीं मागणीच्या रकमेस सीमा घातली, पण मागण्याच्या रीतीस मात्र पुष्कळच मोकळीक ठेविली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. 

येथें संग्राहकांस एक सूचना करणें अवश्य वाटतें. फिटलेलें खत फाडावयाचें ही रीत असेल, तर जीं खतें अखंड राहून आमच्या हातीं येतात तीं सर्व व्यवहाराचा सरळ नमुना नव्हेत. त्यांत न फिटलेलीं, वादांत सांपडलेलीं, किंवा फिटूनही परत न दिलेलीं खतें अधिक असण्याचा संभव आहे. तेवढ्यावरून त्या काळीं कोणीच कर्ज फेडीत नसे असें अनुमान काढणें चुकीचें होईल.

[३] मराठेशाहींत कर्ज ही केवळ कुणब्याची आपत्ति नव्हती. थोरले बाजीराव पेशवे मोहिमांच्या खर्चानें किती बेजार झाले होते आणि सावकारांची व खुद्द ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांची मनधरणी त्यांस कशी करावी लागे, हें प्रसिद्ध पत्रव्यवहारावरून वाचकांस ठाऊकच आहे. साऱ्या हिंदुस्थानांत ज्याच्या घोड्याची टाप वाजली तो पुरुषही तगाद्यापुढें नमत होता.

या तगाद्याचें स्वरूप काय होतें, तें दक्षिणचे कमिशनर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या इ. स. १८१९ च्या अहवालांत आलें आहे. ऋणको बरोबरीचा किंवा खालच्या पायरीचा असला, तर धनको त्यास घराबाहेर पडूं देत नसे, जेवूं देत नसे, उन्हांत बसवी. ऋणको वरिष्ठ असला, तर प्रथम विनवण्या करी, त्याच्या अब्रूस हांक घाली, उंबऱ्यावर आडवा पडे, वाटेंत लोळण घेई, दाराशीं आरडाओरड करी, आणि अखेर दारांत उपाशी धरणें घेऊन बसे. तितका वेळ ऋणकोसही उपास घडे. हें सर्व स्वतः न करतां दुसऱ्या माणसांकडूनही करवीत असत, असेंही त्यांनीं लिहिलें आहे. दिवाणाच्या द्वारें कर्ज वसूल झालें तर वसुलाचा चौथा हिस्सा सरकार घेत असे. त्यामुळें आपापसांतला तगादा हाच जवळचा मार्ग ठरे.

या रीतींत क्रौर्य होतें हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु तिला दोन बंधनेंही होतीं. मागणी दामदुपटीच्या आंत राहावयाची हें एक. दुसरें असें कीं, तगादा चारचौघांत होई. त्यामुळें ऋणकोप्रमाणें धनकोचीही अब्रू पणास लागे. खोटी बाकी दाखवून दारांत बसलेल्या सावकारास त्याच गांवांत पुढें राहावयाचें असे.

[४] इंग्रजी अंमलानें हीं दोन्ही बंधनें हळूहळू काढलीं, आणि तेंही बहुतांशीं चांगल्या हेतूनें काढलीं, हा या विषयांतला मुख्य मुद्दा होय. मुंबई इलाख्यांत इ. स. १८२७ च्या रेग्युलेशनान्वयें व्याजाची मर्यादा सालिना शेंकडा १२ होती, इ. स. १८५५ च्या कायद्यानें ती उठविली आणि करारांत जो दर असेल तो कोर्टानें देवविण्याचें ठरलें. इ. स. १८६० च्या पीनल कोडानें धरणें गुन्ह्यांत घातलें. इ. स. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या खतावरील दाव्यास तीन वर्षांची व नोंदलेल्या खतावरील दाव्यास सहा वर्षांची मुदत घातली. जुन्यापुराण्या खतांवर दावे लावून कुणब्यास छळूं नये हा उद्देश. पण परिणाम उलटा झाला. तीन वर्षें भरत आलीं कीं सावकार नवें खत मागे, थकलेलें व्याज नव्या मुद्दलांत घाली, आणि कुणबी खालीं नांगराची निशाणी करी.

याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. रुपये १०० मुद्दल व दरमहा दरशेंकडा २ रुपये व्याज धरूं. तीन वर्षांत व्याज ७२ रुपये होतें. खत बदललें नाहीं व मध्यें कांहीं दिलें नाहीं, तरी नवव्या वर्षाअखेर दामदुपटीनें मागणी २०० रुपयांवर थांबते. परंतु दर तीन वर्षांनीं खत बदललें, तर नवें मुद्दल प्रथम १७२, नंतर २९५ रुपये ८४ पैसे, आणि नवव्या वर्षाअखेर सुमारें ५०९ रुपये होतें. मुद्दलांत मिसळलेलें व्याज कायद्याच्या दृष्टीनें मुद्दलच झाल्यामुळें दामदुपटीचा नियम कायम राहूनही निरुपयोगी झाला. शिवाय नव्या खताची पाठ कोरी! मागील खतावर कांहीं वसूल मांडला असलाच, तर तो जुन्या कागदाबरोबर गेला. खत बदलण्याची सोय मनूनेंही ठेविली होती. परंतु दर तीन वर्षांनीं तें बदलणें सावकारास भाग पाडील असा कायदा तेव्हां नव्हता.

[५] इ. स. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील करडें गांवीं एका सावकारानें हुकूमनाम्यान्वयें तेथील एका प्रतिष्ठित गृहस्थाचें घर लिलांवांत घेतलें, आणि गृहस्थ भाडें देण्यास तयार असतां तें पाडण्यास आरंभ केला. येथवर सर्व कायदेशीर होतें. गांवकऱ्यांनीं सावकारांवर बहिष्कार घातला व तो आसपासच्या गांवांत पसरला. पुढें ता. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजारच्या दिवशीं दंगा झाला, आणि पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांत त्याचें लोण गेलें. ९५१ इसम पकडले गेले, त्यांपैकीं ५०१ जणांस शिक्षा झाल्या.

या दंग्यांत मनुष्यहानि करण्याकडे लोकांचा कल नव्हता. त्यांस हवे होते ते कागद. सावकारानें खतें काढून दिलीं म्हणजे पुष्कळ ठिकाणीं तेवढ्यावरच निभावलें. दिलीं नाहींत तेथें घरें व गंजी जळाल्या. कागदांचे संग्राहक या नात्यानें आम्हांस त्या होळीचें दुःख वाटणें साहजिक आहे. पण फिटल्यावर जें खत फाडावयाचें तें सावकार फाडीत नाहीं, दिलेला पैका मांडीत नाहीं, पावती देत नाहीं, अशी ज्यांची तक्रार होती, त्यांनीं तें स्वतःच्या हातानें नाहींसें केलें, असाही त्या कृत्याचा अर्थ आहे.

दंग्यांच्या चौकशीस नेमलेल्या कमिशनचा अहवाल इ. स. १८७६ मध्यें झाला व त्यांतून इ. स. १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कायदा निघाला. पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस तो प्रथम लागू झाला. खत गांवच्या रजिस्ट्रारासमोर व्हावें. पैका पोंचल्याची पावती द्यावी. हिशेबाचा उतारा मागितल्यास द्यावा. मुनसफानें खतावर विसंबून न राहतां व्यवहाराचा इतिहास मुळापासून तपासावा. व्याज मुद्दलाहून अधिक देववूं नये. पैशाच्या हुकूमनाम्यासाठीं शेतकऱ्यास कैद करूं नये, अशा त्यांतील तरतुदी होत. निराळ्या शब्दांत, खताची पाठ पुन्हां लिहिली जावी व मागणीस शेवट असावा, हेंच सरकारनें नव्यानें ठरविलें.

सावकारांची बाजूही ऐकिली पाहिजे. सरकारचा धारा रोख भरावा लागे व पीक हातीं येण्यापूर्वीं तो पैसा कुणब्यास सावकाराखेरीज दुसरा कोणी देत नसे. पाऊस गेला कीं त्याचें मुद्दलही बुडे. हा धोका व्याजाच्या दरांत धरलेला असे. कायदा झाल्यावर सावकारांनीं गहाणाऐवजीं खरेदीखतें लिहून घेण्यास आरंभ केला, यावरून केवळ मनाईनें पत निर्माण होत नाहीं हेंही सिद्ध होतें. परंतु धोका मोठा म्हणून दर अधिक असावा, हें म्हणणें एक. आणि मिळालेला वसूल मांडूं नये, हें दुसरें. पहिल्यावर वाद होऊं शकतो, दुसऱ्याचें समर्थन कोणतेंही शास्त्र करीत नाहीं.

[६] हा विषय केवळ दप्तरांतला राहिलेला नाहीं. बँकांच्या क्रेडिट कार्डांवरील कर्जासंबंधानें अलीकडे चाललेला वाद पाहिला म्हणजे तेच दोन प्रश्न नव्या वेषांत पुढें आलेले दिसतात. इ. स. २०१४ च्या महाराष्ट्राच्या सावकारी-नियमन कायद्यानें सावकारास मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करण्यास मनाई केली. बँका त्या कायद्याच्या बाहेर आहेत. बँकेचा दर जबर आहे एवढ्याच कारणावरून कोर्टानें व्यवहार उकलूं नये, अशी तरतूद बँकिंग रेग्युलेशन कायद्यांत इ. स. १९८४ पासून आहे. कार्डांवर सालिना शेंकडा ३६ ते ४९ पर्यंत व्याज घेण्याचा प्रश्न राष्ट्रीय ग्राहक आयोगापुढें गेला, तेव्हां शेंकडा ३० हून अधिक दर ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय आयोगानें इ. स. २००८ मध्यें दिला. तो सर्वोच्च न्यायालयानें ता. २० डिसेंबर २०२४ रोजीं फिरविला. करार पुन्हां लिहिण्याचा अधिकार आयोगास नाहीं, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें. इ. स. १८५५ मध्यें करारातील दरास जें प्राधान्य मिळालें, त्याचीच ही पुढील पायरी असें इतिहासाच्या वाचकास वाटल्यास नवल नाहीं.

तथापि पाठीच्या बाजूनें कांहीं प्रगति झाली आहे. रिझर्व्ह बँकेनें इ. स. २०२२ मध्यें असें ठरविलें कीं, दरमहा भरावयाची किमान रक्कम अशी असावी कीं ती भरल्यावर बाकी वाढत जाऊं नये. न भरलेले आकार व कर मुद्दलांत मिसळून त्यांवर व्याज चढवूं नये. आणि मागितल्यावांचून कोणाच्या गळ्यांत कार्ड घालूं नये. त्याच वर्षीं वसुलीच्या माणसांनीं सकाळीं आठच्या पूर्वीं व सायंकाळीं सातनंतर ऋणकोस दूरध्वनि करूं नये, धमकी देऊं नये, चारचौघांत अपमान करूं नये, असेंही बजाविलें. एल्फिन्स्टनसाहेबांनीं वर्णिलेला, धनकोच्या वतीनें दारांत ओरडणारा मनुष्य दोनशें वर्षांनींही नाहींसा झाला नव्हता, हेंच या हुकुमावरून दिसून येतें. फरक एवढाच कीं, त्या काळीं त्याला पाठविणारा सावकार त्याच गल्लींत राहत असे व लोक त्यास ओळखीत. आतां पाठविणारा ऋणकोस कधीं दिसत नाहीं. म्हणून चारचौघांच्या लाजेचें बंधन आतां ऋणकोवरच तेवढें उरलें आहे, आणि धनकोवरील बंधन लेखी नियमांनींच घालावें लागतें.

[७] वरील विवेचनाचा व्यवहारांतील उपयोग म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, यापुढें कर्जखत नोंदतांना त्याच्या दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें. पाठीवर वसूल असल्यास मितीवार द्यावा, त्याचें अक्षर मुखावरील अक्षराशीं मिळतें कीं नाहीं तें पाहावें, आणि पाठ कोरी असल्यास ‘पाठ कोरी’ असें स्पष्ट लिहावें. खत फाटलेलें असल्यास तें केवळ जीर्ण समजून टाकूं नये. तो फाटा कोणा एका कुटुंबाच्या ऋणमुक्तीचा पुरावा असूं शकेल. त्याच घराण्याचीं तीन तीन वर्षांच्या अंतराचीं खतें आढळल्यास तीं एकत्र बांधावींत व पहिल्याची एकूण मागणी दुसऱ्याच्या मुद्दलाशीं ताडून पाहावी. सनदांवरून राज्य कोणाचें होतें तें कळतें. तें राज्य कुणब्याच्या उंबऱ्यापर्यंत न्याय पोंचवीत होतें कीं नाहीं, हें समजण्यास हीं खतें उलटून वाचलीं पाहिजेत.