हुतूतूची रेघ कोणी आखली?

७ ऑक्टोबर २०२३ या दिवशी चीनमधल्या हांगचौ शहरात आशियाई स्पर्धेचा पुरुष कबड्डीचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला. शेवटची एक-दोन मिनिटं उरलेली आणि गुणफलक २८-२८. पवन सेहरावत चढाईला गेला आणि कोणालाही न शिवता त्याचा पाय लॉबीत पडला. त्याला धरायला इराणचे खेळाडूही मागोमाग लॉबीत उतरले. मग पुढचा जवळजवळ तासभर खेळ बंद आणि वाद चालू. पंच, दोन्ही संघांचे प्रशिक्षक, अधिकारी, सगळे मैदानात. शेवटी भारताला तीन गुण, इराणला एक आणि सामना भारताने ३३-२९ असा जिंकला.

तेव्हापासून आपल्या तुकडीतले चार जण भेटले की हा विषय निघतोच. एक बाजू म्हणते, "सुवर्णपदक मिळालं, विषय संपला." दुसरी म्हणते, "लॉबीत आधी पाय आपल्या माणसाचा पडला, मग गुण आपल्याला कसे?" आणि आपल्यातला एक जण, जो दहावीतही बाईंना नको ते प्रश्न विचारायचा, तो म्हणतो, "मुळात बाजूच्या एक मीटर पट्टीत पाय पडला तर माणूस बाद का व्हावा? कोणी ठरवलं हे?"

हा तिसरा प्रश्न मला सोडेना. स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला तेव्हा ठरवलं की याच प्रश्नामागे जायचं. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, पोटापाण्यासाठी संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. पण माझं अर्धं काम नियम लिहिण्याचं आणि उरलेलं अर्धं ते नियम का लिहिले हे शोधण्याचं असतं, एवढा अधिकार पुरेसा मानून घ्यावा.

वाडीचे नियम

उमरठ म्हटलं की बाहेरच्या माणसाला तानाजी मालुसरे आठवतात. समाधी पाहायला येतात, पुतळ्यापाशी फोटो काढतात आणि पोलादपूरच्या वाटेला लागतात. आपल्याला मात्र उमरठ म्हटलं की भातकापणीनंतर मोकळी झालेली खाचरंही आठवतात. ढेकळं फोडून, राखेने रेघ ओढून तिथे हुतूतू चालायचा. मैदान किती लांब-रुंद? खाचर असेल तेवढं. एका बाजूला किती गडी? आले असतील तेवढ्यांचे अर्धे.

आमच्या वाडीत "मेला तो बाहेर" असा खेळ होता. बाद झालेला गडी पूर्ण डाव संपेपर्यंत बांधावर बसायचा. दोन वाड्या सोडून पलीकडे गेलं की तिथे बाद झालेला परत जिवंत व्हायचा. शिमग्याला चाकरमानी आले की तिसराच प्रकार. ते लालबाग-परळच्या मंडळांतून खेळून आलेले. ते म्हणायचे, सातच गडी, मैदान मोजून, वेळ लावून. जुनी माणसं म्हणायची, मुंबईचं मुंबईला. अर्धी संध्याकाळ भांडणात जायची आणि अंधार पडायच्या आत जेमतेम एक डाव व्हायचा.

हे फक्त आपल्याकडचं नव्हतं. महाराष्ट्रात हुतूतू, दक्षिणेत चेडूगुडू, बंगालमध्ये हा-डू-डू अशी या खेळाची नावं होती. आपल्याकडे त्याचे तीन प्रकार ओळखले जात. संजीवनीमध्ये समोरचा एक बाद झाला की आपला एक जिवंत होतो. गामिनीमध्ये बाद झालेला बाहेरच राहतो, पूर्ण संघ बाद होईपर्यंत. अमरमध्ये बाद झालेला गडी मैदान सोडतच नाही, फक्त गुण मोजले जातात. म्हणजे आमची वाडी नकळत गामिनी खेळत होती आणि पलीकडची संजीवनी. दोघंही आपापल्या जागी बरोबर. अडचण यायची ती समोरासमोर आल्यावर.

पुस्तक कधी आलं

महाराष्ट्राने या बाबतीत केलेलं काम आपण फारसं सांगत नाही. देशी खेळांना लेखी नियम देण्याचा खटाटोप इथल्या माणसांनी शंभर वर्षांपूर्वी सुरू केला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधले. हुतूतूचे छापील नियम १९२३ मध्ये आले आणि त्याच वर्षी बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने मोठी स्पर्धा भरवली. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांना पक्कं रूप दिलं. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ झाला, १९५२ पासून पुरुषांच्या आणि १९५५ पासून महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी या खेळासाठी आयुष्य घातलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, आपण कबड्डी दिन म्हणून पाळतो. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून जागा मिळाली.

या सगळ्या वाटेवर तीन प्रकारांतला संजीवनी टिकला. गामिनीत चांगला गडी सुरुवातीला बाद झाला तर तो बसून राहतो आणि सामना एकतर्फी होतो. अमरमध्ये बाद होण्याची धास्तीच कमी होते. संजीवनीत हरत आलेला संघही एका चढाईत उभा राहू शकतो. माझ्या मते तो टिकण्याचं कारण हेच. कोणत्याही देवाने हा नियम सांगितलेला नाही. माणसांनी खेळून पाहिलं, भांडून पाहिलं आणि ज्यात जास्त रंगत आली तो ठेवला.

आणि नियम त्यानंतरही बदलत राहिले. आपल्या लहानपणी चढाई म्हणजे दम. "हुतूतूतू" एका श्वासात म्हणायचं, दम तुटला की बाद. दम तुटला की नाही यावर किती डोकी फुटायची बाकी राहिली असतील! आता चढाईला ३० सेकंदांचं घड्याळ आहे. २०१४ पासून प्रो कबड्डीमुळे "डू ऑर डाय" चढाई आणि "सुपर टॅकल" हे शब्द गावातल्या पोरांच्याही तोंडी बसले. हांगचौचा गोंधळ याच बदलांतून झाला. आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकाप्रमाणे न शिवता लॉबीत गेलेला चढाईपटू बाद आणि त्याच्या मागे लॉबीत गेलेले बचावपटूही बाद. प्रो कबड्डीत रूढ झालेल्या नियमाप्रमाणे चढाईपटू लॉबीत गेला की तो बाद आणि खेळ तिथेच थांबला. खेळाडूंच्या अंगात एक नियम मुरलेला आणि पुस्तकात दुसरा. आपल्या शिमग्यातलं भांडण आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोचलं, एवढाच काय तो फरक.

बाकीचे खेळ तरी कुठे शहाणे?

कबड्डीला हसणाऱ्या क्रिकेटवाल्या मित्रांसाठी थोडं. षटकात सहा चेंडू का? इंग्लंडमध्ये आधी चार होते, १८८९ मध्ये पाच झाले, १९०० मध्ये सहा. ऑस्ट्रेलियात तर १९७९ पर्यंत आठ चेंडूंचं षटक चालत होतं. खेळपट्टी २२ यार्ड का? कारण जमीन मोजायची साखळी २२ यार्डांची होती. आपल्याकडे मोजणीला तलाठी आला असता तर कदाचित काठ्यांमध्ये ठरली असती.

बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम ज्या गावांत बांधले गेले त्यांत आपलं पुणं आहे. १८७३ च्या सुमारास तिथल्या छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि खेळालाच "पूना" म्हणत. तोच खेळ २००६ पर्यंत १५ गुणांचा होता आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळायचा. मग २१ गुण आणि प्रत्येक रॅलीला गुण असं झालं. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळायचं नाही, हा नियम आपल्या पी.टी.च्या सरांनी शिट्टी फुंकून फुंकून आपल्या डोक्यात बसवला. २०२२ च्या अल्टिमेट खो-खोमध्ये "वजीर" नावाचा गडी आला आणि त्याला कुठेही वळायची मुभा मिळाली. सरांनी ते पाहिलं असेल तर काय म्हणाले असतील, हे संमेलनात त्यांनाच विचारू.

आणि २०१९ चा विश्वचषक. इंग्लंड आणि न्यूझीलंड यांचा अंतिम सामना बरोबरीत, सुपर ओव्हरही बरोबरीत. मग चौकार-षटकार मोजले. इंग्लंडचे २६, न्यूझीलंडचे १७. विश्वचषक इंग्लंडला. त्यात एकेरी-दुहेरी धावांची किंमत कमी का, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. तीन महिन्यांत आयसीसीने तो नियम काढून टाकला. पण चषक परत घेतला नाही, आणि ते योग्यच झालं. नियम वाईट होता, पण तो सामन्याआधी दोघांनाही ठाऊक होता.

मुलींचं मैदान

एक नियम मात्र मला आजही खटकतो. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८. पुरुषांचा डाव २० मिनिटांचा, महिलांचा अनेक वर्षं १५ मिनिटांचा. आपल्या शाळेतही मुलींसाठी फक्की आत सरकवून मारली जायची. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. रेघ आहे म्हणजे ती तिथेच असणार, असं वाटण्याचं ते वय होतं.

आता वाटतं की षटकातल्या चेंडूंची संख्या आणि मुलींच्या मैदानाची रुंदी हे दोन वेगळ्या जातीचे नियम आहेत. चेंडू सहा की आठ, याने कोणाचं काही बिघडत नाही, दोन्ही संघांना सारखेच. पण "मुलींना एवढं झेपणार नाही" हा नियम नाही, समजूत आहे. ती नियमाच्या पुस्तकात जाऊन बसली की नियमासारखी दिसू लागते, एवढंच. आपल्याच वर्गातल्या मुली डोक्यावर हंडे घेऊन उन्हाळ्यात चढ चढून यायच्या आणि मग शाळेत यायच्या. त्यांना पाच मिनिटं जास्त चढाई करणं झेपलं नसतं, हे कोणी ठरवलं? ज्यांनी ठरवलं त्यांत खेळणाऱ्या मुली किती होत्या?

म्हणून नियम मनमानी आहे का, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. सगळेच नियम कोणीतरी कधीतरी एका खोलीत बसून ठरवलेले आहेत. पाहायचं ते इतकंच की ठरवताना खेळणाऱ्यांना विचारलं का, आणि खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांना सांगितलं का.

माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देते. पंचवीस वर्षांपूर्वी मराठी मजकूर एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठवला की तिथे कचरा दिसायचा, कारण प्रत्येक फॉन्टवाल्याने अक्षरांना आपापले क्रमांक दिले होते. प्रत्येक वाडीचा आपला हुतूतू! मग युनिकोड आलं आणि "क" या अक्षराला ०९१५ हा क्रमांक मिळाला. ०९१५ च का? त्यात काही दैवी नाही. पण तो सगळ्यांनी मान्य केला म्हणून हा लेख मी माझ्या घरी टाइप करू शकले आणि संपादक मंडळाला तो महाडमध्ये जसाच्या तसा वाचता आला. एकसारख्या नियमांनी हेच दिलं. उमरठचा पोरगा हरयाणाच्या पोरासमोर उभा राहू शकतो आणि दोघांनाही कोणाची ओळख लागत नाही. त्याची किंमत म्हणून वाडीवाडीचे आपले प्रकार गेले. मला ते गेल्याचं वाईट वाटतं, पण सौदा तोट्याचा झाला असं म्हणवत नाही.

शेवटी एक प्रस्ताव. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर तुकड्यांची कबड्डी आहे. ती आपण अमर पद्धतीने खेळावी. आपल्या वयाला बाद होऊन परत जिवंत होण्याची धावपळ सोसणार नाही, आणि इतक्या वर्षांनी भेटल्यावर कोणाला बांधावर बसवायचं माझ्या मनात नाही. मैदान एकच, १३ बाय १०, त्यात बाया आणि पुरुष दोघंही. दम धरायचा की घड्याळ लावायचं, हे सरांनी आणि बाईंनी मिळून ठरवावं. आणि जे ठरेल ते शिट्टी वाजायच्या आधी फळ्यावर खडूने लिहावं. त्यानंतर लॉबीत कोणाचा पाय आधी पडला यावर हवं तेवढं भांडू, जेवणाच्या पंगतीत.