लंडनमधील पर्यटन सवलती

लंडन हे पर्यटकांच्या दृष्टीने महागडे शहर मानले जाते. तथापि तेथील सार्वजनिक वाहतुकीतील भाडेमर्यादा आणि राष्ट्रीय संग्रहालयांतील विनामूल्य प्रवेश या दोन व्यवस्थांमुळे हा खर्च बराच आटोक्यात राहू शकतो.

भाडेमर्यादा

ट्रान्सपोर्ट फॉर लंडन या संस्थेने २००३ मध्ये ऑयस्टर हे स्मार्टकार्ड सुरू केले. २००५ पासून त्यावर दैनिक भाडेमर्यादा लागू झाली. प्रवाशाने दिवसभरात कितीही फेऱ्या केल्या, तरी ठरावीक रकमेपुढे भाडे कापले जात नाही. येथे दिवस पहाटे ४:३० वाजता सुरू होतो. मर्यादेची रक्कम प्रवास कोणत्या परिमंडळांतून झाला यावर अवलंबून असते. केवळ बसने फिरल्यास ती आणखी कमी असते. बँकेच्या कॉन्टॅक्टलेस कार्डाने बसचे भाडे २०१२ पासून, तर भुयारी रेल्वेचे २०१४ पासून भरता येते आणि त्यालाही मर्यादा लागू आहे. त्यामुळे कागदी एकदिवसीय पास आधीच विकत घेणे मध्यवर्ती भागात फिरणाऱ्या पर्यटकाला सहसा तोट्याचे ठरते.

मर्यादेचा हिशोब कार्डनिहाय होतो. सकाळी कार्ड आणि दुपारी त्याच खात्याला जोडलेला मोबाइल वापरल्यास दोन वेगळे प्रवासी धरले जातात व मर्यादेचा लाभ हुकतो. एका कार्डावर दोघांना एकत्र प्रवास करता येत नाही. रेल्वेप्रवासात चढताना व उतरताना दोन्ही वेळा कार्ड यंत्राला टेकवावे लागते. एकदा विसरल्यास कमाल भाडे कापले जाते. बसमध्ये मात्र फक्त चढताना कार्ड टेकवायचे असते. रोख रक्कम बसमध्ये २०१४ पासून स्वीकारली जात नाही. पहिल्या बसमध्ये चढल्यापासून तासाभरात बदललेल्या पुढील बस व ट्रामचे वेगळे भाडे पडत नाही.

साप्ताहिक मर्यादा सोमवार ते रविवार मोजली जाते. गुरुवारी आलेल्या पर्यटकाचा मुक्काम त्यामुळे दोन आठवड्यांत विभागला जातो. सात दिवसांचे ट्रॅव्हलकार्ड कोणत्याही दिवशी सुरू करता येत असल्याने अशा वेळी दोहोंची तुलना करणे हिताचे असते. हीथ्रो एक्सप्रेस ही विमानतळावरील जलद गाडी मर्यादेत मोडत नाही. पिकाडिली मार्गाची भुयारी रेल्वे वेळ अधिक घेते, पण बरीच स्वस्त पडते.

भारतीय बँकेचे कार्ड वापरायचे असल्यास त्यावरील परदेशी व कॉन्टॅक्टलेस व्यवहार निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावे लागतात. बँकेचे परकीय चलन शुल्क अधिक असल्यास ऑयस्टर कार्ड बरे. अकरा ते पंधरा वर्षांच्या पाहुण्या मुलांसाठी स्थानकावरील कर्मचाऱ्यांकडून ऑयस्टरवर तात्पुरती सवलत नोंदवून घेता येते.

प्रेक्षणीय स्थळे

ब्रिटिश म्युझियम १७५९ मध्ये लोकांसाठी खुले झाले तेव्हाही प्रवेश विनामूल्य होता. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, विज्ञान संग्रहालय व नॅचरल हिस्ट्री म्युझियम यांनी मधल्या काळात आकारलेले प्रवेशशुल्क २००१ मध्ये रद्द झाले. विशेष प्रदर्शनांना तिकीट असते. टॉवर ऑफ लंडनसारखी सशुल्क स्थळे एकत्रित पासमध्ये मिळतात, परंतु दिवसाला एखादेच स्थळ पाहणाऱ्याला असा पास क्वचितच परवडतो. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये सायंप्रार्थनेला उपस्थित राहण्यास शुल्क नाही. अर्थात त्या वेळी वास्तू हिंडून पाहता येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये ज्या घरात राहत होते, ते १०, किंग हेन्रीज रोड येथील घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले. आता तेथे विनामूल्य संग्रहालय आहे. जवळचे चॉक फार्म स्थानक दुसऱ्या परिमंडळात येते, त्यामुळे ही फेरी मध्यवर्ती लंडनच्या दैनिक मर्यादेतच बसते.