भाग बदलले, गाडी तीच?

जुनी गाडी घ्यायची म्हटलं की सगळे आधी चासी नंबर बघतात. मीही बघेन. पण १९९० साली लंडनच्या हायकोर्टात जो खटला चालला, तो वाचल्यावर एवढ्यावर भागत नाही.

गाडी होती बेंटली स्पीड सिक्स, टोपणनाव 'ओल्ड नंबर वन'. १९२९ आणि १९३०, लागोपाठ दोन वर्षं हिनं ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली. दोन्ही वेळा वुल्फ बार्नाटो चालवत होता, जोडीदार मात्र वेगवेगळे. १९३२ मध्ये आठ लिटरचं इंजिन बसवून ती ब्रुकलँड्सला उतरवली, तिथे ती उतरत्या ट्रॅकच्या वरच्या कडेवरून बाहेर गेली. चालक क्लाइव्ह डनफी त्यात गेला. पुढे गाडी पुन्हा उभी राहिली, नव्या बॉडीसकट.

मग एक कोटी पौंडांचा सौदा ठरला आणि घेणारा फिरला. म्हणाला, यात ल मांची गाडी उरलीय कुठे? बरं, त्याचंही खोटं नव्हतं. १९२९ चं जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. तरी न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल मालकाच्या बाजूनं दिला. गाडी 'मूळची' नाही, पण 'अस्सल' आहे, कारण तिचा इतिहास कुठे तुटलेला नाही. जीर्णोद्धार झाला म्हणून देऊळ दुसरं झालं असं आपण तरी कुठे म्हणतो?

त्यामुळे बॉनेट उघडण्याआधी मी कागद मागेन: कारखान्याच्या नोंदी, गॅरेजची बिलं, जुने फोटो. मधली जेवढी वर्षं कोरी, तेवढे पैसे कमी.