सड्यावरचा मार्च

लखनौत महानगरला मुलाकडे राहायला आल्यापासून गोल मार्केटात ओळख झालेले लोक मला हटकून विचारतात, ‘भाईसाहब, तुम्ही पवनचक्क्यांच्या कामावर होतात, मग आमच्याकडे त्या का दिसत नाहीत?’ उत्तर सरळ आहे. गंगेच्या मैदानात उन्हाळ्यात लू अंग भाजून काढते, पावसाळ्यात पुरवाई सुखावते, पण यंत्र फिरत ठेवायला लागतो तसा सलग, दमदार वारा इथे टिकत नाही. माझ्या साताऱ्यातल्या पाटण तालुक्यात तो आहे. सडावाघापूरला भर पावसात कड्यावरून पडणारं पाणी वारा पुन्हा वर उचलून आणतो. ते बघायला आता गाड्यांची रांग लागते. आमच्या लहानपणी त्याच वाऱ्यात घरावरचं गवत उडून जायचं, आणि सड्यावर, म्हणजे घाटमाथ्यावरच्या उघड्या खडकाळ पठारावर, नाचणी-वरीपलीकडे काही पिकत नाही म्हणून तिथे मुलगी देताना लोक दहादा विचार करायचे.

या वाऱ्याची मोजणी करून ठेवणाऱ्यांत पहिलं नाव अॅना मणींचं घ्यायला हवं. पुण्याच्या वेधशाळेत उपकरणं घडवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, आणि हवामान खात्यातून निवृत्त झाल्यावर त्या वाऱ्याकडे वळल्या. भारतातल्या वाऱ्याच्या नोंदींचा त्यांचा ग्रंथ १९८३ साली आला. मग ठिकठिकाणी उंच खांब रोवून वाऱ्याचा वेग टिपायला सुरुवात झाली. १९८६ साली ओखा, तुतिकोरिन आणि आपली रत्नागिरी इथे ५५ किलोवॅटची डॅनिश यंत्रं प्रयोगादाखल उभी राहिली. पण खरा वारा किनाऱ्यापेक्षा घाटमाथ्यावर निघाला. कोकणातून येणारा नैर्ऋत्य वारा सह्याद्रीच्या भिंतीवर आदळून वर चढतो आणि हजार मीटरवरच्या उघड्या सड्यावर मोकळा सुटतो. चाळकेवाडी, ठोसेघर, वनकुसवडे ही नावं पवनचक्क्यांच्या नकाशावर आली ती त्यामुळे.

वारा तर पूर्वापार होता. पैसा आला तो आयकराच्या कायद्यातून, आणि हा इतिहास सांगताना नेमकं हेच वगळलं जातं. नव्वदच्या दशकात पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळायचा, म्हणजे सगळी किंमत त्या वर्षीच्या नफ्यातून वजा व्हायची. कराचा दर ३५ टक्के धरला, तर नफ्यातल्या कंपनीचा एक कोटीच्या यंत्रामागे त्या वर्षी ३५ लाखांचा कर वाचायचा. वर राज्याची विक्रीकरातली सवलत. सुरतेत कापडाचा कारखाना चालवताना विजेच्या बिलाने बेजार झालेल्या तुलसी तांतींनी १९९५ साली सुझलॉन काढली, ती याच हिशेबावर वाढली. जमीन, रस्ता, यंत्र, देखभाल सगळं ते बघणार. गिऱ्हाइकाने फक्त पैसे घालायचे. बजाज ऑटोसारख्या बड्या कंपन्या वनकुसवड्याला आल्या त्या अशा. पुढे त्या पठारावर २५९ मेगावॅट उभे राहिले.

मी पायाच्या कामावर सुपरवायझर होतो. आमचं कॅलेंडर आयकर खातं ठरवायचं. यंत्र वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर घसारा निम्मा, आणि तो निम्मा मिळवायलाही ३१ मार्चच्या आत चक्की चालू झालीच पाहिजे. जूनपासून सड्यावर उभं राहता येत नाही, म्हणजे काम ऑक्टोबरनंतरच. वर जांभा, खाली काळा पाषाण. ब्रेकर लावून खड्डा खणायचा, सळ्यांचा पिंजरा बांधायचा आणि काँक्रीट एका दमात ओतायचं, मध्ये थांबलं की सांधा राहतो. फेब्रुवारीतला कोरडा वारा काँक्रीटवरचं पाणी बघता बघता शोषून घ्यायचा. गोणपाटं भिजवून पसरायची, त्यांवर दगड ठेवायचे, पुन्हा भिजवायची. जिथे पावसाळ्यात पाऊस उघडीप देत नाही, तिथे पायासाठी पाणी टँकरने वर चढायचं. एवढं करून मार्चअखेर चक्की फिरली, की मालकाची कराची सवलत पक्की. वाऱ्याचा हंगाम त्यानंतर तीन महिन्यांनी उगवायचा. यंत्र किती वीज देतं यापेक्षा ते कधी चालू झालं याला मोल होतं, आणि हे मला तेव्हाही खटकायचं. २००२ च्या सुमारास घसारा ८० टक्क्यांवर आला. २००३ साली वीज नियामक आयोगाने नव्या प्रकल्पांना पहिल्या वर्षी युनिटमागे साडेतीन रुपये आणि पुढे दरवर्षी १५ पैसे वाढ ठरवून दिली. २००९ च्या डिसेंबरात केंद्राने युनिटमागे ५० पैशांचं प्रोत्साहन आणलं. तेव्हा कुठे विजेला किंमत आली.

जमिनीचा व्यवहार मात्र मला आजही सलतो. वाऱ्याचा अभ्यास वर्षानुवर्षं चालला. सातबारा फिरला एजंटच्या एका फेरीत. पडीक सडा, गवतापलीकडे उत्पन्न नाही, म्हणून लोकांनी मिळेल त्या भावाला दिला. तिथला वारा किती मोलाचा आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाने पवनचक्कीग्रस्तांचा प्रश्न हाती घेतला. धुळ्यात साक्रीकडे वनजमिनीवरून आदिवासींनी झगडा दिला.

सड्याचे धनी माणसंच नव्हती. २०१८ साली मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी चाळकेवाडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी, आणि त्यामुळे गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे भरमसाट वाढलेले, माणसाला फारसे न घाबरणारे.

आता ती जुनी यंत्रं थकली आहेत. त्यांच्या जागी मोठी बसवायचं सरकारी धोरण २०१६ पासून आहे. आमच्या ३५० किलोवॅटच्या यंत्राचं पातं सोळा-सतरा मीटरचं, तेही घाटाच्या वळणावर पुढे-मागे करत न्यावं लागे. आजचं पातं पन्नास-साठ मीटरचं. आम्ही ओतलेले पाये ते वजन पेलणार नाहीत, म्हणजे नवे खड्डे, रुंद रस्ते आणि आणखी जमीन. गावाकडून फोन आला की मी भावकीतल्या पोरांना सांगतो: या वेळी खरेदीखत करू नका, जमीन भाड्याने द्या, आणि भाडं युनिटावर मागा.