बाबांची सत्तर किलोमीटरची गाडी

मागच्या भागात मी म्हटलं होतं की पुढचा विषय किल्ल्यांचा असेल. तो पुढे ढकललाय, कारण घरात एक वही सापडली. दोनशे पानी, पुठ्ठ्याचं कव्हर, वर बाबांच्या अक्षरात ‘गाडी’ एवढंच. आजचा इतिहास त्या वहीपासून सुरू होतो. मध्ये पॅरिसला जाऊ, अमेरिकेला जाऊ, पुण्याच्या वेताळ टेकडीवर जाऊ, आणि परत साताऱ्यात येऊ. हेडफोन लावून ऐकलं असेल तर आता वाचा, आकडे वाचताना जास्त कळतात.

तर २००९ साल. बाबा कोरेगावच्या एका हायस्कुलात क्लार्क. आम्ही साताऱ्याच्या कडेला, नगरपालिकेच्या हद्दीबाहेर राहायचो. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. पेट्रोलचा खर्च झेपेना, म्हणून त्यांनी पतसंस्थेचं कर्ज काढून इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. कंपनीचं नाव घेत नाही. लायसन्स नको, पासिंग नको, पेट्रोल नको. आणि पत्रकावर मोठ्या अक्षरात: एका चार्जिंगमध्ये ७० किलोमीटर.

चाळीस लागतात, सत्तर मिळतात. म्हणजे तीस शिल्लक. शाळेचं अख्खं बजेट जुळवणाऱ्या माणसाने केलेला हिशेब, त्यात चूक काय असणार?

दुसऱ्या पावसाळ्यानंतर ती गाडी माहुलीच्या पुलाच्या अलीकडे बंद पडायला लागली. कोरेगावकडून येताना माहुलीपासून साताऱ्याकडे चढ लागतो. बाबा तो चढ गाडी ढकलत यायचे. ओळखीचे लोक थांबून विचारायचे, “काय भाऊसाहेब, गाडीला फिरायला नेताय का?” मी तेव्हा नववीत. मला त्या गाडीची लाज वाटायची, हे आज सरळ सांगून टाकतो.

आता जरा मागे जाऊ. बरंच मागे.

आपल्याला वाटतं इलेक्ट्रिक गाडी म्हणजे काल-परवाची गोष्ट. पण १८५९ मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने पुन्हा पुन्हा चार्ज होणारी शिशाची बॅटरी बनवली. १८८१ मध्ये ग्युस्ताव ट्रूव्हे याने पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी चालवून दाखवली. बेंझची पहिली पेट्रोल गाडी १८८५-८६ ची, म्हणजे विजेची आधी! १८९५ च्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, अमेरिकेत ओहायोच्या ऑग्डेन बोल्टन ज्युनियरला इलेक्ट्रिक सायकलचं पेटंट मिळालं. १० व्होल्टची बॅटरी, मागच्या चाकातच मोटर. आज तुमच्या गल्लीत फिरणाऱ्या स्वस्त ई-बाईकचं मागचं चाक बघा. मोटर तिथेच असते. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ गेला, जागा तीच.

आणि मग १८९७. या विषयातलं माझं सगळ्यात आवडतं वर्ष, पण फारसं कुणी सांगत नाही. विल्हेल्म पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने शिशाच्या बॅटरीबद्दल एक नियम मांडला. साध्या भाषेत असा, की बॅटरीतून वीज जितक्या घाईने ओढाल, तितकी ती एकूण कमी देते. माठातलं पाणी वाटीने काढा नाहीतर तांब्याने, पाणी तेवढंच निघतं. शिशाच्या बॅटरीचं तसं नाही. वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर तिची क्षमता एक, आणि तासा-दीड तासात ओरबाडून काढली तर बरीच कमी. आता मला सांगा, स्कूटर वीस तास कोण चालवतं?

म्हणजे पत्रकातला आकडा आणि रस्त्यावरचा आकडा यांत फरक का पडतो याचं निम्मं उत्तर लोकमान्य टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला भरला त्या साली तयार होतं. पत्रक छापणाऱ्यांपर्यंत ते पोचलं नाही. किंवा पोचलं असेल, आणि त्यांना गैरसोयीचं वाटलं असेल.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेच्या मोटारी भरपूर होत्या. त्यातली ‘डेट्रॉइट इलेक्ट्रिक’ ही गाडी १९०७ पासून बनायची. वेग फार नाही, ताशी तीसेक किलोमीटर. एका चार्जमध्ये ८० मैल, म्हणजे साधारण १३० किलोमीटर जाते अशी तिची जाहिरात. आणि एका चाचणीत ती २११ मैल गेली! ८० कुठे आणि २११ कुठे. गाडी तीच. हळू, एका लयीत, चढ-उतार न घेता चालवली की बॅटरी काय काय करू शकते ते त्या दिवशी दिसलं. गंमत अशी, की त्या लोकांनी जाहिरातीत लहान आकडा ठेवला. ही सवय पुढच्या शंभर वर्षांत कुठे हरवली कोण जाणे.

आता पुणे. पौड रोडवरून वेताळ टेकडीकडे बघता तिथे एआरएआय आहे, १९६६ ची संस्था. पुण्याचे लोक त्या टेकडीलाच एआरएआय टेकडी म्हणतात, पहाटे पळायला जातात. ‘एआरएआय सर्टिफाइड रेंज’ हे शब्द तुम्ही शोरूममध्ये ऐकले असतील, ते इथले. ऐंशीच्या दशकात आपल्या शहरांतल्या वाहतुकीचा अभ्यास करून ‘इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ तयार झाली, म्हणजे आयडीसी. हे गाडी चालवण्याचं वेळापत्रक आहे. १०८ सेकंदांचा एक फेरा: थांबा, वेग घ्या, जरा चाला, कमी करा, थांबा. यातला जास्तीत जास्त वेग ताशी ४२ किलोमीटर. सरासरी साधारण २२. गाडीवर एकच माणूस धरलेला, ७५ किलोचा. चाकं रोलरवर. चढ नाही, वारा नाही, खड्डा नाही, मागे बसलेली मावशी नाही, पायाशी भाजीची पिशवी नाही.

यात फसवणूक नाही, बरं का. ही मोजपट्टी मुळात पेट्रोल गाड्यांचा धूर मोजायला केली होती. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा, म्हणजे तुलना करता येते. त्या कामाला ती ठीकच आहे. भानगड तेव्हा होते, जेव्हा दोन गाड्यांची तुलना करण्याचा आकडा “तुम्ही घरी पोचाल” या अर्थाने विकला जातो.

आणि बाबांच्या गाडीला तर तेवढंही लागू नव्हतं. आपल्याकडे नियम असा, की मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर ते ‘मोटार वाहन’ धरलंच जात नाही. म्हणून लायसन्स नको, नंबरप्लेट नको. ती सोय खरी, गावाकडे तिचा उपयोगही झाला. पण त्या काळात पत्रकावरचा ७० कुठून आला, हे विचारायची जागाही ग्राहकाला सापडायची नाही.

आता वहीतला हिशेब करू. घाबरू नका, दोनच ओळी आहेत. गाडीत १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या, म्हणजे ४८ व्होल्ट, २४ अँपिअर-अवर. गुणाकार करा: ११५२ वॉट-अवर. आपल्या लाईटबिलाच्या भाषेत सव्वा युनिटसुद्धा नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली तीन चतुर्थांशाहून जास्त उष्णतेत घालवतं, तरी गाडी पन्नासेक किलोमीटर नेतं. बाबांकडे अख्ख्या गाडीत होतं सव्वा युनिट. मोटर काटकसरी असते म्हणूनच हे जमतं. अशी गाडी किलोमीटरला वीस-बावीस वॉट-अवर खाते. पॉयकर्टसाहेबांची कपात धरली, तर नव्या बॅटरीवर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. वहीत पहिल्या महिन्यात नेमकं तेच आहे: ४४, ४६, ४३. बाबा रविवारी मुद्दाम गाडी संपेपर्यंत फिरवून बघायचे आणि लिहून ठेवायचे.

आणि चढ? दोनशे किलोचं वजन, गाडी धरून, शंभर मीटर वर चढवायला नुसती ५५ वॉट-अवर जातात, मोटरचं नुकसान वेगळं. म्हणजे सपाटीवरचे अडीच-तीन किलोमीटर एका चढाने खाल्ले. आणि तो चढ येताना, बॅटरी संपत आलेली असताना.

पण नवी असताना तरी गाडी चाळीस करत होती. मग दीड वर्षात काय झालं? आमच्या घरात याचं उत्तर ठरलेलं होतं. आजी म्हणायची, “स्वस्त तिथे फसत.” मामा म्हणायचा, “दाजींना चालवता येत नाही, सारखा रेस पिळतात.” बाबा काही बोलायचे नाहीत.

उत्तर वहीच्या समासात होतं. किलोमीटरच्या आकड्याशेजारी बारीक अक्षरात: ‘लाईट १० ते २ नाही’. ‘लाईट पहाटे गेली’. ‘रात्रभर नाही’. पान उलटा, परत तेच.

तुमच्यापैकी जे विशीत आहेत त्यांना भारनियमन फार आठवणार नाही. आमच्या कपाटाच्या दाराला आतून त्याचं वेळापत्रक चिकटवलेलं असायचं. गिरणी, मोटर, अभ्यास, सगळं त्या कागदावर चालायचं. शिशाच्या बॅटरीला पूर्ण चार्ज व्हायला सात-आठ तास लागतात, आणि शेवटचा टप्पा सगळ्यात रेंगाळणारा. नेमका तोच टप्पा लाईट खायची. शिशाची बॅटरी अर्धवट चार्ज ठेवली, की आतल्या पत्र्यांवर लेड सल्फेटचे खडे धरतात आणि हळूहळू ते विरघळेनासे होतात. तेवढा भाग बॅटरीतून कायमचा गेला. त्यात चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, म्हणजे एक कमजोर झाली की चौघींची मजल तिच्याएवढीच. वहीतले आकडे बघा: ४४, मग ३९, मग ३५, आणि २०११ च्या एका सोमवारी ३१. पुढे लिहिलंय, ‘माहुलीपासून चालत’.

बाबा रेस पिळत नव्हते. गाडीसुद्धा एवढी वाईट नव्हती. ज्या गावात सलग आठ तास वीज नाही तिथे रोज आठ तास वीज मागणारी वस्तू विकली गेली होती, आणि विकणाऱ्याने ते सांगितलं नव्हतं.

पुढचं लवकर सांगतो. केंद्र सरकारची ई-दुचाकींवरची पहिली सबसिडी २०१२ च्या मार्चमध्ये संपली, विक्री कोसळली, बऱ्याच लहान कंपन्यांनी गाशा गुंडाळला. आमच्या डीलरच्या गाळ्यात मोबाईलचं दुकान आलं. नव्या बॅटऱ्या घ्यायला पैसे नव्हते. जुन्या चार भंगारात गेल्या, शिशाला भाव असतो म्हणून किलोवर. पतसंस्थेचे हप्ते त्यानंतरही चालूच होते.

दरम्यान जगात दुसरीच गोष्ट पिकत होती. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, ती कॅमेऱ्यातून मोबाईलमध्ये आणि तिथून स्कूटरमध्ये आली. २०१९ च्या फेम-दोन योजनेत शिशाच्या बॅटरीला जागाच नव्हती, आणि सबसिडीसाठी किमान ८० किलोमीटर रेंजची अट आली. लिथियमला पॉयकर्टचा फटका फारच कमी बसतो आणि अर्धवट चार्ज तिला चालतो. २०२३ च्या जूनमध्ये सबसिडी कापली, तेव्हा किंमत धरून ठेवायला कंपन्यांनी लहान बॅटरीची मॉडेलं काढली. आजची ‘एंट्री लेव्हल’ गाडी म्हणजे बहुधा तीच: दोन युनिटच्या आसपासची बॅटरी. एक चांगलं झालं, काही कंपन्या दोन आकडे सांगायला लागल्या. एथरच्या २०२२ च्या ४५०एक्सला प्रमाणपत्राचा आकडा १४६ आणि कंपनीचाच ‘ट्रूरेंज’ १०५. बाकीच्यांनीही हे करावं असं मला वाटतं, आणि दुसरा आकडा मोठ्या अक्षरात छापावा.

आता ही वही का निघाली ते सांगतो. माझी धाकटी बहीण सई नर्स आहे. गेल्या वर्षी तिला कोरेगावच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. तोच रस्ता, तेच चाळीस किलोमीटर. सेकंड शिफ्ट सुटते रात्री साडेनऊला. तिला ई-स्कूटर घ्यायची होती, आणि बाबा गेल्या पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्या विषयावर बोलले. “बंद पडली तर मी ढकलत आलो. रात्री हिने काय करायचं?”

मग आम्ही मित्राची एंट्री लेव्हल गाडी चार दिवस मागून आणली. दोन युनिट बॅटरी, कागदावर ९५. सई एकटी, ताशी चाळीस-पंचेचाळीसने: ६२ किलोमीटर. मी मागे बसलो तर ५२. एकटीसाठी आज भरपूर आहे. पण बॅटरी पाच वर्षांनी सत्तर टक्क्यांवर आली तर? ४३ आणि ३६. आणि सई एकटी येत नाही. तिची एक सहकारी रात्री माहुलीपर्यंत तिच्या मागे असते, दोघींनाही एकटं यायला नको वाटतं म्हणून. दवाखान्यात चार्जिंगला नाही म्हणालेत. हा सगळा गुणाकार बाबांनी स्वतः केला, वहीच्या मागच्या पानावर, पेन्सिलने.

शेवटी तीन युनिटवाली घेतली. हप्ता वाढला, तो मी आणि सई अर्धा-अर्धा भरतो. पहिल्या रविवारी बाबा सईच्या मागे बसून कोरेगावला जाऊन आले. माहुलीचा चढ येईपर्यंत म्हणे तिच्या खांद्यावरून सारखे स्क्रीनकडे बघत होते. घरी आल्यावर त्यांनी ‘गाडी’ची वही मागितली, कोरं पान काढलं, तारीख घातली आणि लिहिलं: ‘४१ किमी. शिल्लक ५२ टक्के. लाईट होती.’