दादाची झोप आणि डोक्यातल्या लाटा

खूप दिवसांनी लिहायला बसलोय. दिवाळीत ताडकळसला जाऊन आलो, तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय.

घरच्यांना ठाऊकच आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. माझ्या थोरल्या भावाची, दादाची, वर्षभरापासून झोप उडाली होती. रात्री दोन-अडीचला उठून ओसरीवर बसायचा. छातीत धडधड, तळहाताला घाम. ईसीजी चांगला, रक्ताचे रिपोर्ट चांगले. शेवटी परभणीला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, थोडा उतार पडला. तेवढ्यात पुतण्याच्या मोबाईलवर न्यूरोफीडबॅकची जाहिरात आली. पुण्यात ४० सेशनचं पॅकेज. फोनवरचा माणूस म्हणाला, गोळ्यासुद्धा बंद होतील! रक्कम ऐकून वहिनी म्हणाल्या, "एवढ्यात तर म्हैस येते, दूधवाली."

दादा मात्र शांतपणे म्हणाला, "कोणी काढलं रे हे मशीन? आधी ते बघून सांग." विहिरीवरची मोटर घेतानाही तो असंच विचारतो.

तर दादा, हे तुझ्यासाठी.

आधी मशीन काय करतं ते. डोक्याच्या कातडीवर पेस्ट लावून छोट्या तारा चिकटवतात. मेंदूतल्या विजेच्या बारीक लाटा त्यातून कॉम्प्युटरवर दिसतात. हवी ती लाट वाढली की समोरचं चित्र उजळतं, कमी झाली की अंधुक होतं. बाहेरून वीज सोडत नाहीत. म्हणजे हा फक्त आरसा आहे. आरशात बघून भांग पाडायला शिकावं, तसं मेंदूनं शिकावं अशी कल्पना.

हा आरसा पहिल्यांदा माणसाच्या डोक्याला लागला तो १९२४ मध्ये, जर्मनीतल्या येना गावात. हान्स बर्गर हे तिथले मानसोपचारतज्ज्ञ. तरुणपणी लष्करात असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफगाड्याखाली जाता जाता वाचले. त्याच दिवशी दूर घरी बहिणीच्या मनात काहीतरी चर्र झालं आणि तिनं वडिलांना तार करायला लावली. हे घरी पोचलं कसं, या प्रश्नानं बर्गर मेंदूकडे वळले. ते कोडं सुटलं नाही, पण लाटा सापडल्या. १९२९ मध्ये त्यांनी ते छापलं. डोळे मिटून निवांत बसलं की सेकंदाला ८ ते १३ वेळा उठणारी लाट, तिला त्यांनी अल्फा म्हटलं.

आणि योगायोग बघा, त्याच १९२४ च्या ऑक्टोबरात आपल्याकडे लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू झालं. स्वामी कुवलयानंद, म्हणजे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, पूर्वी अंमळनेरला शिकवायचे. नौली करताना पोटात दाब किती बदलतो हे त्यांनी यंत्र लावून मोजलं, एक्स-रे काढले आणि 'योगमीमांसा' या त्रैमासिकात छापलं. गुरूंवर श्रद्धा होती, तरी मोजायला ते कचरले नाहीत. मला याचं फार अप्रूप वाटतं. तेव्हा आपलं ताडकळस निजामाच्या राज्यात होतं. लोणावळ्याची ही खबर गावात कुणाच्या कानावर गेली असेल का, कोण जाणे.

पुढे हे दोन धागे जुळले. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतले वेंगर आणि बागची लोणावळ्यासह ठिकठिकाणी यंत्रं घेऊन फिरले. काही योगी हृदय थांबवून दाखवायचे. नाडी खरंच लागेनाशी व्हायची, ठोके ऐकू यायचे नाहीत, पण ईसीजीवर हृदय चालूच! दिल्लीत आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी १९६१ मध्ये दुसरी बाजू छापली: दोन योग्यांनी ४ अंशाच्या गार पाण्यात पाऊण तास हात धरला, आणि त्यांची अल्फा लाट हलली नाही. यंत्रानं एक दावा मोडला, एक टिकवला.

साधा माणूस हे शिकू शकतो का? शिकागोत जो कामिया यांनी १९५८ मध्ये एका विद्यार्थ्याला डोळे मिटून बसवलं. घंटा वाजली की आत्ता अल्फा आहे की नाही ते सांगायचं. पहिल्या दिवशी सगळं अंदाजपंचे, चौथ्या दिवशी सगळी उत्तरं बरोबर. मग लॉस एंजेलिसला स्टर्मन यांनी मांजरांना एक विशिष्ट लाट वाढवायला शिकवलं. रॉकेटच्या इंधनाच्या विषारी प्रयोगात याच मांजरांना झटके उशिरा आले. १९७२ मध्ये फेफऱ्याच्या एका रुग्ण तरुणीवरचा अनुभव त्यांनी छापला. धंदा वाढला तो इथून पुढे.

पण दादा, खरी परीक्षा नंतर झाली. अमेरिकेत एकाग्रतेचा त्रास असलेल्या १४० च्या वर मुलांना ३८ सेशन दिली. काहींना खरं न्यूरोफीडबॅक, काहींना लुटुपुटूचं, त्यांच्या लाटांशी संबंध नसलेलं. कोणाला काय मिळतंय हे मुलांना, पालकांना माहीत नव्हतं. २०२१ मध्ये निकाल छापला. दोन्ही गट सुधारले, आणि जवळपास सारखेच! म्हणजे गुण आला, पण तो त्या लाटांच्या आरशाचा होता असं म्हणता येईना. नेमानं येऊन बसणं, कुणीतरी आपल्याकडे लक्ष देणं, सुधारू अशी आशा, यांचाच असावा. चिंतेवर, झोपेवर काही अभ्यास बरे आहेत, पण लहान. गोळ्या सोडाव्यात असा पुरावा मला कुठे सापडला नाही.

आणि एक गोष्ट लिहावी की नाही असं वाटत होतं. बर्गर स्वतः नैराश्यात होते. १९४१ मध्ये त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. लाट दिसली म्हणजे माणूस दिसला असं नाही. कापसाचा भाव, बँकेचं कर्ज, सोयाबीनवर फिरलेलं पाणी यातलं काहीच त्या पडद्यावर उमटत नाही. ते दादाला कोणीतरी विचारावं लागतं. आम्ही वर्षभर विचारलं नव्हतं, हे कबूल करतो.

हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. दादा म्हणाला, "म्हंजे बसायचं आपल्यालाच हाय."

पॅकेज घेतलं नाही. परभणीच्या डॉक्टरांना विचारूनच गोळ्या चालू आहेत. सकाळी ओसरीवर तो पंधरा मिनिटं सावकाश श्वास घेत बसतो, वहिनीही बसतात. झोप अजून पूर्ण आलेली नाही. पण रात्री जाग आली तर मला फोन करायचा असं ठरलंय, आणि तो करतो. आम्ही पावसापाण्याचं बोलतो.

असो. तुमच्या घरात कुणी असं ओसरीवर बसत असेल तर विचारा. घरात बोलवत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.